भांडुपला भाड्याने राहायचं की बदलापूरला स्वतःचं घर घ्यायचं? रोजचा प्रवास करणाऱ्यांनी सांगा

रानजाई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून लिहितेय.

आम्ही भांडुप पश्चिमेला १ बीएचकेमध्ये भाड्याने राहतो, भाडं २६ हजार, दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट रिन्यू करताना मालक वाढवतोच. घरात आम्ही दोघं, मुलगी साडेतीन वर्षांची आणि वर्षातला बराच काळ सासूबाई असतात, मुलीला त्याच बघतात. नवऱ्याचं ऑफिस लोअर परळला, माझं ऐरोलीला. आत्ता दोघांनाही साधारण तासाभरात ऑफिस गाठता येतं, मी कधी ठाण्याला ट्रेन बदलते तर कधी मुलुंडहून ऐरोली ब्रिजवरून बसने जाते. दोघांचं मिळून हातात १ लाख ५ हजारच्या आसपास येतात आणि सेव्हिंग १४ लाख आहे.

भांडुपला १ बीएचके ९५ लाखाच्या खाली कोणी बोलतच नाही त्यामुळे तो विषय संपला. बदलापूर पूर्वेला कात्रपच्या पुढे एक २ बीएचके बघितला, कार्पेट ५७० स्क्वेअर फूट, ४८ लाख सांगतायत, बिल्डिंग सातव्या मजल्यापर्यंत आलीय, पझेशन दोन वर्षांनी. रविवारी साईट बघून आलो, ट्रेनमध्ये बसायला जागा होती, हवा छान, मागे डोंगर दिसतो, सासूबाईंना तर इतकं आवडलं की त्या तिथेच तुळस कुठे ठेवायची ते बोलायला लागल्या. एजंट म्हणतो स्टेशन दहा मिनिटांवर, मेट्रो येतेय, अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन होतंय, एक्सप्रेस वे होतोय, दोन वर्षांत हाच फ्लॅट ७० ला जाईल, आत्ता टोकन द्या म्हणजे रेट लॉक होईल.

दुसरा पर्याय डोंबिवली पूर्वेला रिसेलचा १ बीएचके, ५४ लाख, कार्पेट ३८० च्या आसपास, बिल्डिंग वीस वर्षं जुनी. म्हणजे सहा लाख जास्त देऊन घर दीड पटीने लहान पण ऑफिस जवळ.

जे रोज जातात येतात त्यांनी खरं खरं सांगा, नवरा म्हणतो सवय होते. मला मुलीची काळजी वाटते, आम्ही दोघंही रात्री साडेआठला घरी पोचणार असू तर घर कोणासाठी घेतोय असं वाटतं. आणि आत्ता नाही घेतलं तर पुढच्या वर्षी बदलापूर पण हातातून जाईल ही पण भीती आहेच.

कुळगावकर

रानजाई ताई, मी बदलापूरच्या कुळगावला राहतो, बरीच वर्षं रोज दादरपर्यंत जातो, म्हणून प्रवासाचं तेवढं सांगतो.

बदलापूर ते सीएसएमटी अंतर ६८ किलोमीटर, फास्ट गाडी टाईमटेबलवर दीड तासाच्या आसपास दिसते. हे झालं कागदावरचं. खरी अडचण कल्याणच्या पुढे आहे. कल्याणहून कर्जतकडे दोनच लाईन, एक जायची एक यायची, त्याच लाईनवर लोकल, त्याच लाईनवर पुण्याकडच्या मेल एक्सप्रेस आणि त्याच लाईनवर मालगाड्या. म्हणून कितीही मागणी केली तरी गाड्या वाढत नाहीत, वाढवायला जागाच नाही. ठाण्याला एक गाडी सुटली तर लगेच दुसरी येते, बदलापूरला सुटली की पंधरा वीस मिनिटं प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं आणि पुढची गाडी कर्जत किंवा खोपोलीहून भरून आलेली असते. कल्याण बदलापूर तिसरी चौथी लाईन होतेय, काम चालू आहे, डोळ्यांना दिसतं, पण ती सुरू होईपर्यंत आहे हे असंच.

तुमच्या मिस्टरांचं बघा. लोअर परळ म्हणजे फास्टने दादर, तिथून स्लो पकडून करी रोड नाहीतर परळला उतरून चालत. कात्रपच्या पुढून रिक्षाने स्टेशन, पूल चढून प्लॅटफॉर्म, गाडी, दादरची गर्दी, परत गाडी. घराचं कुलूप लावल्यापासून ऑफिसात खुर्चीवर बसेपर्यंत दोन तास धरा, पावसाळ्यात धरूच नका कारण तेव्हा काही सांगताच येत नाही. आत्ता तासभर लागतो म्हणजे जाऊन येऊन दिवसाला दोन तास वाढले, महिन्याचे बावीस दिवस धरले तर ४४ तास एका माणसाचे. दोघांचे ८८. म्हणजे ऑफिसच्या दहा अकरा दिवसांएवढा वेळ दर महिन्याला गाडीत.

सवय होते हे खरं आहे. सगळ्यांनाच होते. पण सवय झाली म्हणजे शरीराचं नुकसान होत नाही असं नाही, आमच्या डब्यात पाठीचा पट्टा लावून येणारे पस्तिशीतले किती तरी आहेत. आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर जे झालं ते आमच्या लाईनचा कोणीही विसरलेला नाही, समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, जीव गेले. दारात कोणी हौसेने उभा राहत नाही हो, आत जागा नसते म्हणून उभा राहतो.

स्टेशन दहा मिनिटांवर असं एजंट म्हणाला ना, ते दहा मिनिटं तुम्ही सोमवारी सकाळी आठ वाजता मोजा. रविवारच्या दुपारी नाही.

घरहिशोब

प्रवासाचं वर आलंच आहे, मी फक्त पैशाचं बोलतो कारण १४ लाखात हे बसत नाहीये आणि टोकन देण्याआधी ते कळायला हवं.

४८ लाखाच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देणार (३० ते ७५ लाखाच्या लोनला तोच नियम आहे), म्हणजे ३८ लाख ४० हजार. उरलेले ९ लाख ६० हजार तुमचे. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, २ लाख ४० हजार. स्टॅम्प ड्युटी सहा-सात टक्के धरा, म्हणजे तीन लाखाच्या आसपास, रजिस्ट्रेशन ३० हजार. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनला बँक लोन देत नाही, ते खिशातून. ही बेरीज सव्वापंधराच्या पुढे गेली, अजून सोसायटीचं आगाऊ मेंटेनन्स, वीज मीटर, लीगल चार्जेस, पार्किंग यातलं काहीच धरलेलं नाही. ग्रिल, पंखे, किचन ट्रॉल्या तर सोडूनच द्या.

आता एक गोष्ट लक्ष देऊन वाचा. कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखापर्यंत असेल तर जीएसटी १ टक्का आहे. तुमचं ५७० स्क्वेअर फूट म्हणजे साधारण ५३ चौरस मीटर, त्यात बसतंय, अडतंय ते किमतीवर. ४८ ला २ लाख ४० हजार जीएसटी आणि ४५ ला ४५ हजार, एवढा फरक. बिल्डरशी ४५ च्या आत बोलणी करून बघा, पण त्या ४५ मध्ये पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस सगळं धरलं जातं. ४४ लिहून वरचे वेगळ्या नावाने किंवा कॅशमध्ये मागितले तर उठून या, कॅश द्यायची नाही म्हणजे नाही.

ईएमआय ८ टक्क्याने वीस वर्षांसाठी ३२ हजार १०० च्या आसपास. हा पझेशननंतर सुरू होतो, त्याच्या आधी जेवढं लोन उचललं तेवढ्याचं व्याज भरावं लागतं. २० लाख उचलले असतील तर महिना १३ हजार ३०० आणि वर भांडुपचं २६ हजार भाडं चालूच. सगळं लोन उचललं जाईल तेव्हा व्याज आणि भाडं मिळून ५१ हजारच्या पुढे, आणि पझेशन जितकं लांबेल तितके महिने हे दोन्ही चालू. १ लाख ५ हजारात हे जमेल पण ओढाताण होईल, त्यात मुलीची शाळा सुरू होणार.

घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी १ टक्का कमी लागते, तुमच्या नावावर घेत असाल तर ४८ हजार वाचतील, नवरा को-ॲप्लिकंट राहू शकतो, बँकेला विचारून घ्या. आणि टॅक्स वाचेल असं कोणी सांगितलं तर तुम्ही नवीन रिजीममध्ये आहात का ते आधी बघा, त्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची सूट नाही.

महत्त्वाचं राहिलं. बदलापूरला असाच २ बीएचके भाड्याने किती ला मिळतो ते विचारलंत का? दहा-बारा हजारात मिळतो. म्हणजे ज्या घराचा ईएमआय ३२ हजार त्याचं भाडं त्याच्या एक तृतीयांश. मला तरी ही तफावत बघून एजंटच्या ७० लाखाच्या गोष्टीवर घाई करावीशी वाटत नाही.

तिसरी सीट

मला वरचे दोन्ही रिप्लाय वाचून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितोय. सगळे प्रवासाचं भयंकर चित्र उभं करतात पण आमच्यासारख्यांना दुसरा रस्ता काय होता ते कोणी सांगत नाही.

मी परळच्या चाळीत वाढलो, १८० स्क्वेअर फुटात सहा माणसं. लग्नानंतर २०१६ ला बदलापूर पश्चिमेला १ बीएचके घेतला १९ लाखाला, तेव्हा सगळे म्हणाले जंगलात चाललास. आज त्याच सोसायटीत ३२-३३ ला विकला जातोय. माझ्या पोरांना खेळायला जागा आहे, आईला स्वतःची खोली आहे, कोणी मालक येऊन अकरा महिन्यांनी बॅगा भरा म्हणत नाही. आईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराच्या दारावर तोरण बांधलं, त्याची किंमत कुठल्या एक्सेलमध्ये बसवणार?

प्रवास आहे, त्रास आहे, नाकारत नाही. पण आमचा ग्रुप आहे डब्यात, पंधरा वर्षं जुना, मी नंतर त्यात आलो. कोणाच्या घरी आजारपण आलं तर ब्लड बँकेपर्यंत धावणारे हेच लोक. गणपतीच्या आधी डबा सजवतो, दसऱ्याला पूजा करतो. एकटेपणा नाही तिथे.

वरच्या हिशोबातून भाड्याने राहून बघा असा सल्ला निघतो, तो चांगला आहे पण तो ज्याला पुढे घेता येईल त्यालाच परवडतो. आमच्या बरोबरचे तीन चार जण थांबले, थोडे पैसे जमू दे म्हणाले, पैसे जमले त्याच्या दुप्पट भाव गेला आणि ते आता वांगणी नेरळ बघतायत. मी तर म्हणतो घ्या, फक्त तयार घर घ्या, ओसी म्हणजे राहायला परवानगी मिळाल्याचं सर्टिफिकेट असलेलं. त्यावर जीएसटीच लागत नाही आणि भाडं ईएमआय दोन्ही भरायची वेळ येत नाही. रिसेलमध्ये ४० च्या आत चांगला २ बीएचके मिळतो बदलापूरला, थोडी जुनी बिल्डिंग असेल एवढंच.

रानजाई

घरहिशोब, जीएसटीचं ४५ लाखाचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. एजंटने तर "ऑल इन्क्लुझिव्ह बघू नंतर" एवढंच सांगितलं होतं. तिसरी सीट, तुमचं तोरणाचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं.

पण मला एक विचारायचंय, सगळे पुरुषांच्या डब्याबद्दल बोलतायत. बदलापूरहून ठाणे आणि ठाण्याहून ऐरोली असा प्रवास करणारी कोणी आहे का इथे? लहान मूल असताना कसं जमवता?

ओवी

आहे ना, मी करते. बदलापूर ठाणे घणसोली. माझा मुलगा आता सहावीत आहे.

सकाळचं सांगते. लेडीज डब्यात बसायला मिळतं ते ज्या गाड्या बदलापूरहून सुटतात त्यातच, आणि त्यातही गाडी प्लॅटफॉर्मला लागतानाच चढता आलं तर. बऱ्याच बायका रिटर्न करतात, म्हणजे अंबरनाथ उल्हासनगरवाल्या मुंबईकडून येणाऱ्या गाडीत चढून बदलापूरला येतात आणि बसूनच परत जातात, त्यामुळे बदलापूरला गाडी येते तेव्हा अर्ध्या सीट आधीच भरलेल्या असतात. त्यावरून रोज भांडणं होतात, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत, अंबरनाथला ती बाई चढूच शकत नाही तर काय करेल. कल्याणला लोंढा येतो. डोंबिवलीला दार दिसेनासं होतं. दिवा स्टेशनच्या बायका तर खाली उभ्या राहून बघत राहतात, चढायलाच मिळत नाही. ठाण्याला उतरायचं असेल तर कळव्याच्या आधीपासून उठून दाराकडे सरकायला लागतं, "ठाणा का, ठाणा का" विचारत विचारत, नाहीतर मुलुंडला उतरता.

ठाण्याला पुलावरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मला जायचं, वाशी पनवेल गाडी. तिथे सकाळी रांगा लागतात कारण सगळं आयटी पब्लिक ऐरोली रबाळे घणसोलीला जातं. मला घरून ऑफिस पावणेदोन तास लागतात, चांगल्या दिवशी. कळवा ऐरोली जोडणारी एलिव्हेटेड लाईन झाली तर कल्याणकडून थेट वाशीची गाडी मिळेल, ठाण्याला उतरावं लागणार नाही. ती २०१६ ला मंजूर झालेली आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, जोडणारा पूल अजून बाकी आहे. माझा मुलगा पहिलीत जायच्या आधी होईल म्हणून मी वाट बघत होते.

मूल लहान असताना कसं जमलं तर माझी आई शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते म्हणून जमलं, एवढंच खरं उत्तर आहे. शाळेतून ताप आलाय म्हणून फोन आला तर तुम्ही ऐरोलीहून दोन तासांच्या आत पोचू शकत नाही, नवरा तर त्याहून लांब. सासूबाई आहेत म्हणताय पण त्या वर्षभर नसतात, आणि त्यांनाही वय आहे. ज्या महिन्यांत त्या गावी जातील त्या महिन्यांचं काय हे आधी ठरवा, घराचा कार्पेट एरिया नंतर.

आणि एक, घरात ज्याला मुलाकडे धावत जावं लागतं त्याचं ऑफिस जवळ असायला हवं. बहुतेक घरांत ती आई असते, बरोबर की चूक तो वेगळा विषय. मला वाटतं तुम्ही तुमच्या ऐरोलीच्या बाजूने घर शोधा, कळवा, दिघा, ऐरोलीतले सिडकोचे जुने फ्लॅट, भाड्याने का होईना. मिस्टरांचा प्रवास थोडा वाढेल, ठाण्याहून फास्ट मिळेल त्यांना.

मांजर्लीकर

आम्ही बदलापूरचेच. आजोबांची मांजर्लीला भातशेती होती. त्यामुळे थोडं इथल्या बाजूने बोलतो.

घर घेताना लोक मेट्रो विचारतात, एक्सप्रेस वे विचारतात, नदी कुठे आहे ते कोणी विचारत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने काय केलं ते आमच्या डोळ्यांसमोर आहे. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारभर माणसं होती गाडीत, बोटींनी काढली, तेव्हा टीव्हीवर ती गाडी दिसली पण त्याच दिवशी हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवलीच्या बाजूला तळमजल्यावर पाणी होतं ते कोणी दाखवलं नाही. ज्या जमिनीत आम्ही भात लावायचो तिथे आता सात मजली बिल्डिंग आहेत. भाताच्या खाचरात पाणी साठतं म्हणूनच तर तिथे भात लावायचे. तुमचं घर पूर्वेला आहे, नदी पश्चिमेला, त्यामुळे नदीची भीती कमी, पण पूर्वेला पण नाले बुजवून बांधकामं झालीयत, म्हणून जुलैत एकदा मुसळधार पावसात त्या रस्त्याने जाऊन या. पश्चिमेला कोणी घेत असेल तर निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) पूररेषा कुठून जाते ते नगरपालिकेत नकाशावर बघून घ्या.

दुसरं पाणी. प्यायचं पाणी नदीवरच्या बॅरेजवरून (बंधाऱ्यावरून) जीवन प्राधिकरण उचलतं आणि माणसं दर वर्षी वाढतायत. नवीन बिल्डिंगमध्ये एप्रिल मे मध्ये टँकर येतो का ते वॉचमनला विचारा, एजंटला नको. लाईट पण पहिला पाऊस आला की जाते, लिफ्टला बॅकअप आहे का बघा, सासूबाई आहेत म्हणून सांगतोय.

आणि मनातलं बोलतो. आमच्या गावात आमच्याच पोरांना आता घर परवडत नाही. माझा पुतण्या एमआयडीसीत कामाला, पगार १८ हजार, त्याने कुठून घ्यायचा ४८ लाखाचा फ्लॅट? भाव ठरतो मुंबईच्या पगारावर आणि मुंबईहून येणारा पण खूश नाही कारण त्याला तिकडे परवडलं नाही म्हणून तो इकडे आला. बाहेरून येणाऱ्यांवर राग नाही ताई, तुम्ही पण नाईलाजानेच येताय. पण बिल्डिंगला परवानगी देताना त्या बिल्डिंगमधली माणसं पाणी कुठलं पिणार, कुठल्या गाडीने जाणार याचा हिशोब आधी व्हायला पाहिजे होता.

डोंबिवलीकर_पूर्व

डोंबिवलीच्या फ्लॅटबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून.

३८० कार्पेट चौघांना लहान पडेल हे खरं, पण डोंबिवलीहून ठाणे वीस पंचवीस मिनिटं, डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या पण आहेत, आणि रात्री उशीर झाला तरी गाडीची फार वाट बघावी लागत नाही. वीस वर्षं जुनी बिल्डिंग म्हणजे सगळं कागदांवर आहे. सोसायटी रजिस्टर आहे का, ओसी आहे का, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का. कन्व्हेयन्स नसेल तर पुढे रिडेव्हलपमेंटला अडकता. आणि महापालिकेत कधी आत कधी बाहेर होत राहिलेल्या २७ गावांच्या पट्ट्यात असेल तर दुप्पट काळजी. कल्याण डोंबिवलीत त्या ६५ बिल्डिंगचं प्रकरण माहीत असेल, महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराचा (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर मिळवला होता आणि हायकोर्टाने २०२४ ला पाडायचा आदेश दिला. त्यात राहणाऱ्या लोकांनी लोन काढून, स्टॅम्प ड्युटी भरून घरं घेतली होती. म्हणून महारेरा नंबर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, परवानगीचा कागद महापालिकेत जाऊन खरा आहे का ते विचारायचं, बदलापूरला नगरपालिकेत. वकिलाचे दहा पंधरा हजार जातील, जाऊ दे.

शीळफाट्याकडची मोठी टाऊनशिप पण कोणी सुचवेल. घरं चांगली असतात, पण तिथून तुम्ही ट्रेनवर कमी आणि कल्याण शीळ रोडवर जास्त अवलंबून राहता आणि त्या रोडवर संध्याकाळी काय होतं ते एकदा बघून या. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या लॉटरीवर पण लक्ष ठेवा, शिरढोण खोणीला घरं निघतात, तुमच्या उत्पन्न गटात बसतं का ते बघा.

कुळगावकर

ओवी ताईंनी कळवा ऐरोलीचं लिहिलं त्यात एक जोडतो, कारण एजंट लोक भाव सगळा येणाऱ्या गोष्टींवर लावतात. ठाणे दिवा पाचवी सहावी लाईन २००८ ला मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली, चौदा वर्षं. कांजूरमार्ग बदलापूर मेट्रो १४ सध्या कागदावरच आहे. बडोदा मुंबई एक्सप्रेस वे बदलापूरच्या बाजूने जातोय, भोजपासून मोर्ब्यापर्यंत डोंगरातून बोगदा केलाय, ते काम खरंच झालंय, पण तो रस्ता पनवेल आणि जेएनपीटी बंदराकडे जातो, लोअर परळ ऐरोलीला जाणाऱ्याचा त्याने एक मिनिट वाचत नाही. चिखलोली स्टेशन झालं तर तिथल्यांची सोय होईल पण गाड्या त्याच, त्यात आणखी एक स्टॉप वाढणार. तर जे आज आहे त्याचाच भाव द्या. पुढचं आलं तर आनंदच आहे.

रानजाई

सगळ्यांचे रिप्लाय दोनदा वाचले, नवऱ्यालाही दिले वाचायला. टोकन देत नाही आहोत, एजंटला काल फोन करून सांगितलं, तो म्हणाला रविवारपर्यंत रेट वाढेल, वाढू दे.

ओवी, तुमचा ताप आल्याच्या फोनचा परिच्छेद वाचून आम्ही दोघं बराच वेळ बोललो. सासूबाई गावी जातात ते महिने आम्ही कधी मोजलेच नव्हते. आता ठरवलंय की आधी दिघा कळव्याच्या बाजूला भाड्याने बघायचं, आणि बदलापूरचं घर मनातून गेलेलं नाही, पण तयार, ओसी असलेलं, ४० च्या आत, तिसरी सीट म्हणतात तसं, आणि तेही सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला तयार असतील तरच. त्यांना तसं विचारलंय, त्या विचार करतायत.

माझी नणंद अंबरनाथला राहते. नवरा म्हणतो जूनमध्ये तिच्याकडे दोन आठवडे राहून दोघांनी तिथून ऑफिसला जाऊन बघू, पाऊस पण सुरू झालेला असेल. हे बरोबर होईल का?

ओवी

राहा, पण अंबरनाथवरून बदलापूरचा अंदाज काढू नका. अंबरनाथहून सुटणाऱ्या लोकल आहेत, तिथून बसायला मिळू शकतं आणि तुम्हाला वाटेल की जमतंय. सकाळी नणंदेकडून रिक्षाने नाहीतर उलट गाडीने बदलापूरला या आणि तिथून तुमच्या वेळेची गाडी पकडा. संध्याकाळी पण ठाण्याहून अंबरनाथ गाडी सोडून द्या, बदलापूर किंवा कर्जतचीच पकडा, दिव्याच्या पुढपर्यंत उभं राहून बघा. आणि साईटवरून स्टेशनला सकाळी रिक्षा मिळते का, शेअरची रांग किती असते, ते मिस्टरांना एकदा करू दे, तुम्ही नको. मी पण त्याच सुमारास जाते, बदलापूरला मधला लेडीज डबा. आलात की मेसेज करा, ठाण्यापर्यंत बरोबर जाऊ.